जनरल रजिस्टरमधलं अक्षर

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझी आई’. चौथीत असताना याच विषयावर दहा ओळींचा निबंध असायचा. तेव्हा माझ्या निबंधाला दहापैकी सहा गुण मिळाले होते आणि ते सहा गुण माझ्या आईनेच दिले होते, कारण वर्गशिक्षिका तीच होती. आज ती तपासायला नाही. गेल्या आषाढात ती गेली. तुमच्यापैकी बरेच जण दहिवलीच्या घरी येऊन गेलात, काहींनी फोन केले. त्या दिवसांत नीट बोलता आलं नव्हतं, म्हणून आज बोलते.

आपल्या तुकडीतले सहा-सात जण पाचवीत या शाळेत येण्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत आईच्या हाताखालून गेलेले आहेत. ते आत्ता मागच्या रांगेत बसून हसतायत. त्यांना ठाऊक आहे की मला घरी तिला ‘आई’ आणि शाळेत ‘बाई’ म्हणावं लागायचं. शाळेच्या फाटकाशी हे नातं बदलायचं. एकदा वर्गात तोंडून ‘आई’ निघालं तर तिने ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यांदा ‘बाई’ म्हटल्यावर तिने वर पाहिलं. आणि छडीच्या बाबतीत मला सवलत तर नव्हतीच, उलट इतरांना एक तर मला दोन. तिचं म्हणणं असं, की स्वतःच्या मुलीला एक जास्त मारली की बाकीच्यांच्या आयांना बोलायला जागा राहत नाही. हा न्याय मला तेव्हा पटला नव्हता आणि आजही पटलेला नाही.

आईची पहिली नेमणूक १९७३ सालची. त्या आदेशावर ‘कुलाबा जिल्हा परिषद, अलिबाग’ असं छापलेलं आहे. आपला जिल्हा रायगड झाला तो १९८१ मध्ये. बावीस वर्षांची, नुकती डी.एड. झालेली मुलगी, आणि शाळा मिळाली खालापूर तालुक्यातल्या एका कातकरवाडीवर. कर्जतहून खोपोलीची गाडी पकडायची, केळवलीला उतरायचं आणि तिथून शेताच्या बांधांवरून चालायचं. पावसाळ्यात चप्पल हातात. ओढ्याला पाणी असलं की पलीकडून कुणीतरी माणूस येऊन हात धरायचा. शाळा म्हणजे कुडाची एक खोली, शेणानं सारवलेली, पहिली ते चौथी एकत्र आणि मास्तर एकच. म्हणजे हीच.

वाडीवर वीज नव्हती. ही गोष्ट ती फार चवीनं सांगायची. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटावरच्या तलावांचं पाणी आपल्या डोंगरांवरून खाली येतं, त्यावर मुंबईचे दिवे लागतात. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी ही कंदिलाची काच राखेनं पुसत बसलेली. तिचा आवाज यात तक्रारीचा नसायचा. “भूगोलाच्या धड्याला बरं उदाहरण होतं,” एवढंच म्हणायची.

मधली आठ-नऊ वर्षं ती कर्जतला होती, म्हणजे आपल्या प्राथमिकच्या काळात. १९९२ मध्ये पुन्हा वाडीवरच्या शाळेत गेली आणि २००९ मध्ये तिथूनच निवृत्त झाली. केंद्रप्रमुख होण्याची संधी आली होती, ती तिने नाकारली. त्याचं कारण त्यागबिग काही नव्हतं. ‘दहा शाळांचे अहवाल गोळा करायचे, त्यापेक्षा पोरं बरी,’ असं तिचं साधं मत होतं. आई गेल्यावर कुणीतरी श्रद्धांजलीत तिला ‘त्यागमूर्ती’ म्हटलं. तिने ऐकलं असतं तर चष्मा खाली करून पाहिलं असतं. तिला पगार आवडायचा, पगाराच्या दिवशी स्टेशनवरचा वडापाव आवडायचा, महागाई भत्त्याची बातमी ती पेपरात आधी वाचायची.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. सुरुवात माझ्या कामापासून करावी लागेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही विम्याच्या एका प्रकल्पावर काम करत होतो. लाखो लोकांच्या नोंदी तपासताना आमच्यातल्या एका परप्रांतीय मुलाला एक गडबड सापडली. महाराष्ट्रातल्या पन्नाशी-साठीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख एकच, १ जून. तो म्हणाला, प्रोग्राममध्ये चूक आहे, रिकाम्या जागी ही तारीख आपोआप भरली जातेय. मी हसायला लागले. म्हटलं, बाबा रे, चूक प्रोग्राममध्ये नाही. ही तारीख आमच्या गुरुजींनी भरलेली आहे.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या आईवडिलांचा वाढदिवस १ जूनला येतो? हात वर करा. बघा. (इथे बरेच हात वर झाले. – संपादक) जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, प्रवेशाला वय पुरं हवं, घरी तारीख कुणाला ठाऊक नाही, मग मास्तर १ जून लिहून मोकळे. माझ्या आईचीसुद्धा १ जून १९५१. खरं तर तिचा जन्म कोजागिरीच्या आसपासचा, असं आजी सांगायची. सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ती ३१ मे २००९ ला घरी बसली. कुणा गुरुजींनी कंटाळा केला म्हणून आपले पाच महिन्यांचे पगार बुडाले, हा हिशेब तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

म्हणून तिने स्वतः कुणाला १ जून लिहिला नाही. मूल दाखल करायला आलेल्या बाईला ती खाली बसवायची आणि विचारायची: पाऊस पडत होता का? भात लावणीचा होता की कापणीचा? होळी झाली होती? भट्टीवर झाला की वाडीत? वर्षाचा अंदाजही असाच. दुष्काळाच्या आधी की नंतर, १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याला पूर आला तेव्हा हा पोटात होता की मांडीवर. एवढं झाल्यावर ती पंचांग काढायची आणि तारीख ठरवायची. अगदी अचूक नसेल, पण त्या बाईच्या आठवणीतून आलेली असायची. एका मुलाला दाखल करायला यात अर्धा तास जायचा. मी पाचवी-सहावीत असताना शनिवारी तिच्याबरोबर गेले की हे पाहून कंटाळायची.

तारखेच्या शेजारचा रकाना जातीचा. जनरल रजिस्टरमध्ये एकदा जे लिहिलं ते पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं आणि जन्मभर मागे राहतं. त्या काळात बऱ्याच ठिकाणी या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं सापडतं, कुठे ‘आदिवासी’, कुठे काहीच नाही. आडनावांचं त्याहून अवघड. कातकऱ्यांत वाघमारे, पवार, जाधव अशी आडनावं आहेत. ती इतर समाजांतही असतात, त्यामुळे आडनावावरून काही सिद्ध होत नाही. आई प्रत्येक नोंदीत ‘हिंदू कातकरी’ किंवा ‘हिंदू ठाकूर’ असं पूर्ण लिहायची. बापाचं नाव घरात वेगळं, मजुरीच्या कागदावर वेगळं, असं असेल तर तिसऱ्या कुणाला तरी विचारून पक्कं करायची. शाई निळी-काळी, अक्षर शिरोरेषेसकट. तिचं अक्षर तुम्हाला आठवत असेल. ‘क’चं पोट गोल नसलं तर ती आपल्याकडून पाटी भरून ‘क’ काढून घ्यायची.

आई गेली त्याच्या बाराव्या दिवशी दुपारी एक माणूस ओट्यावर येऊन बसला. पन्नाशीचा असेल. त्याला आई गेल्याचं माहीत नव्हतं. तो बाईंना भेटायला आला होता. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. त्याचा चौथी पासचा दाखला. त्याच्या मुलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं आणि जात पडताळणीसाठी कागद हवे होते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरतात; त्याच्या आधीपासून घराणं इथलं असल्याचा पुरावा मागतात. आता कातकऱ्याच्या आज्याकडे १९५० सालचा कागद कुठून असणार? जमीन नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. त्याच्या घरातला सगळ्यात जुना कागद म्हणजे त्याची स्वतःची, १९७८ सालची शाळेतली नोंद. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्या एका शाळेत होता. तिथे जातीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे.

“माझ्या नावापुढे बाईंनी लिवलंय,” तो म्हणाला. “पन सायबानं इचारलं तर बाई सांगतील, असं वाटलं व्हतं.”

मित्रहो, मी पंचवीस वर्षं नोंदी ठेवण्याचंच काम करते. एकच नोंद तीन ठिकाणी जपून ठेवणं, ती बदलली तर कुणी बदलली हे कळणं, यावर आम्ही कोट्यवधी रुपये खर्च करतो. आणि इथे एका मुलीची नर्सिंगची जागा सत्तेचाळीस वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या एका शब्दावर अडकलेली. मी त्याच्याबरोबर शाळेत गेले. रजिस्टर निघालं. नोंद होती, शिरोरेषेसकट. मुख्याध्यापक बाईंनी त्याच दिवशी उतारा सही-शिक्का करून दिला. पुढची चौकशी अजून चालू आहे, त्यामुळे याचा शेवट गोड झाला असं आज मी सांगू शकत नाही.

पण त्या रजिस्टरची अवस्था पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्याबद्दल शेवटी बोलते.

वीटभट्टीचं सांगायलाच हवं. आपल्यापैकी जे गावातले आहेत त्यांनी दिवाळीनंतर ओस पडलेल्या वाड्या पाहिल्या असतील. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड कोंबड्यांसकट टेम्पोत टाकून कल्याण, भिवंडी, पनवेलकडे निघायचं, ते मे अखेरीला परत. शाळेच्या पटावर चाळीस मुलं आणि जानेवारीत समोर बसलेली अकरा. सतत गैरहजर मुलाचं नाव कमी करायचा नियम होता. तपासणीला साहेब आले की विचारत, ही एकोणतीस पोरं कुठे आहेत? आई म्हणायची, “भट्टीवर आहेत. नावं कमी केली तर जूनमध्ये परत कोण आणणार?” १९९५ नंतर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायला लागले, पण त्याला ८० टक्के हजेरीची अट. म्हणजे ज्याच्या घरी तांदूळ नाही म्हणून तो भट्टीवर गेला, त्यालाच तांदूळ नाही. यावर तिने वर लिहिलेली दोन पत्रं मी पाहिली आहेत. उत्तर आलेलं दिसत नाही.

जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ती एक चिठ्ठी द्यायची. ‘ही मुलगी इयत्ता तिसरीत आहे. हातच्याची वजाबाकी येते, जोडाक्षरं वाचते. आपल्या शाळेजवळ असेपर्यंत वर्गात बसू द्यावे ही विनंती.’ खाली सही आणि शाळेचा शिक्का. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड सरकारनं पुढे काढलं. त्याच्या कितीतरी आधी ही चिठ्ठी होती. किती शाळांनी ती मानली? फार थोड्या. तरी ती दरवर्षी तीस-तीस चिठ्ठ्या लिहायची, दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या घरी, फराळाच्या डब्यांच्या शेजारी बसून. आजी करंज्या तळायची आणि आई चिठ्ठ्या लिहायची. मला शाई वाळवायचं काम.

अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ तिच्या उशाशी असायचं. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी डहाणूकडे गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे शाळाच कुरणात नेली, हे तिला फार भावलं होतं. तिनेही काही वर्षं शेळ्या राखणाऱ्या पोरांना माळावर गाठून शिकवलं. पण ती म्हणायची, तिथे संस्था होती, माणसं होती. माझ्याकडे एक खोली आणि एक किल्ली. माळावर गेले तर खोली उघडी. तिच्या कामाचं मोठेपण सांगताना ही मर्यादाही सांगायला हवी. तिच्या हाताखालून गेलेल्या पोरांतली बहुतेक पोरं चौथीच्या पुढे गेली नाहीत. हे तिला माहीत होतं आणि ती ते लपवत नसे.

घरी काय होतं? घरी आजी होती, म्हणून आम्ही दोघं भावंडं वाढलो. आई संध्याकाळच्या गाडीने यायची. गाडी चुकली की रात्र व्हायची. मी आठवीत असताना बाबांचा कारखाना बंद पडला. त्यांची थकलेली देणी अर्धीच हाती आली, तीही सहा वर्षांनी. पुढे घर आईच्या पगारावर चाललं. दहावीला तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलंत, पण इंजिनिअरिंगच्या फीसाठी तिने बांगड्या मोडल्या हे कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा नातेवाइकांतले एक जण म्हणाले, मुलीवर एवढा पैसा कशाला, डी.एड.ला घाल, तुझ्यासारखी चिकटेल कुठेतरी. आई म्हणाली, “चिकटायला ती काय डिंक आहे?” विषय संपला. ती प्रेमाचं बोलायची कमी. मी पहिल्यांदा वसतिगृहात राहायला गेले तेव्हा तिने बॅगेत घरून लिहून दिलेली वीस पोस्टकार्डं टाकली, प्रत्येकावर आमचा पत्ता आधीच लिहिलेला. आळस करायला जागा नको म्हणून.

आपल्याला आठवत असेल, २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांच्या हौतात्म्यावर भाषणं व्हायची आणि दुसऱ्याच दिवशी सावित्रीबाईंची जयंती. लागोपाठ दोन भाषणं. माझी दोन्ही आई बघून द्यायची. भाई कोतवालांनी याच तालुक्यात शाळा काढल्या होत्या, हे वाक्य ती दरवर्षी घालायला लावायची. सिद्धगडची चकमक सगळेच सांगतात म्हणायची.

निवृत्तीनंतर ती पुण्याला माझ्याकडे फारशी रमली नाही. चौदाव्या मजल्यावरून खाली पाहिलं की माणसांची तोंडं दिसत नाहीत, ही तिची तक्रार. ती दहिवलीलाच राहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा मी योगायोगाने घरी होते. तिची शाळा ती नव्हती, पण तो डोंगर तिच्या रोजच्या वाटेवरून दिसायचा. दिवसभर टीव्हीपुढे बसून होती. वाडीत त्या रात्री नेमकी किती माणसं होती, कोण बाहेरगावी होतं, याचा मेळ लागत नव्हता. आश्रमशाळेत राहणारी काही मुलं तेवढी वाचली होती. आई एकच विचारत होती, “शाळेचा पट कुणाकडे आहे? पटावर सगळ्यांची नावं असतील.” शेवटी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. बेपत्ता हा शब्द ऐकून ती उठून आत गेली.

शेवटचे चार महिने तिला बरं नव्हतं. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी आईवडिलांचं केलंय त्यांना ते माहीत आहे. एवढंच सांगते, की एका रात्री तिने मला ओळखलं नाही आणि विचारलं, “कुणाची गं तू? नाव घातलंय का शाळेत?” मी म्हटलं, “घातलंय बाई.” मग ती झोपली.

आता त्या रजिस्टरबद्दल. तुकडीच्या निधीतून शाळेच्या फाटकावर कमान उभारावी आणि तीवर दिवंगत शिक्षकांची नावं घालावीत, असा प्रस्ताव आहे. चांगला आहे, मी विरोध करत नाही. पण माझी एक मागणी आहे. त्या वाडीच्या शाळेत आज नऊ मुलं आहेत. कमी पटाच्या शाळांचं पुढे काय होईल ते आपण कुणीच ठरवणार नाही. पण अशी शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिळवली, तर कपाटातली जुनी रजिस्टरं पोत्यात भरून कुठे जातील याचा भरवसा नाही. आत्ताच एका रजिस्टरची पहिली वीस पानं वाळवीनं खाल्ली आहेत. त्या वीस पानांवरच्या माणसांच्या नातवंडांनी उद्या काय दाखवायचं?

मी मुख्याध्यापक बाईंशी बोलले आहे. त्यांची तयारी आहे, गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागेल, तो अर्ज लिहून आणला आहे. रजिस्टरं शाळेतच राहतील, आपण फक्त पानं स्कॅन करून द्यायची, एक प्रत शाळेला आणि एक पंचायत समितीला. स्कॅनर मी आणते. त्या एका शाळेला दोन रविवार पुरतील. आसपासच्या आणखी तीन वाड्यांच्या शाळा धरल्या तर फेब्रुवारी-मार्चचे सगळे रविवार लागतील. जुनी मोडी वळणाची अक्षरं लावायला आपल्या मराठीच्या बाई आल्या तर फार मदत होईल. बाई, मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव यादीत घातलंय. खोपोलीकडच्या मंडळींनी परस्पर केळवलीला यावं, कर्जतवाल्यांनी सकाळची गाडी धरावी. चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. नाव, फोन नंबर आणि कोणता रविवार, एवढं लिहा. अक्षर जरा नीट काढा.